रंकाळ्याच्या कट्ट्यावर समुद्र शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

परवा पेढे घेऊन तुमच्या घरी आले होते. तुम्ही लेकीकडे पुण्याला गेल्याचं शेजारच्या काकूंनी सांगितलं. मग म्हटलं, सगळ्यांसमोरच लिहावं. सुट्टी लागली की गगनबावड्याचा घाट उतरून मालवण-देवगड गाठणारी आपली कोल्हापूरची माणसं काही थोडी नाहीत, त्यांच्याही कानावर पडेल.

माझं आजोळ मालवणचं. मामाची लहान शिडाची होडी आहे, पण मला होडीत बसण्यापलीकडे काही येत नव्हतं. तुम्ही नौदलातून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला येणारे. मी सहज काहीतरी विचारलं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी होकायंत्र घेऊनच आलात! शालिनी पॅलेसचा मनोरा किती अंशावर, संध्यामठ किती अंशावर, रंकाळा टॉवर किती अंशावर. कागदावर तिन्ही रेघा मारायच्या आणि जिथे मिळतील तिथे आपण. पहिल्या दिवशी माझा त्रिकोण एवढा मोठा आला की त्यात अर्धा तलाव मावला असता. तुम्ही हसला नाहीत. "उद्या परत घे," एवढंच म्हणालात.

नकाशावर मैल मोजायचे ते बाजूच्या अक्षांशावरूनच, वरच्या रेखांशावरून कधीच नाही, हेही तिथलंच. अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणजेच एक सागरी मैल, १,८५२ मीटर. त्यासाठी तुम्ही शाळेच्या कंपासपेटीतला कर्कटक आणायला लावलात. समोरून येणारी बोट होकायंत्रावर त्याच अंशावर दिसत राहिली आणि जवळ येत गेली, तर टक्कर ठरलेली, हे समजावताना पॅडल मारत येणाऱ्या बोटींकडे बोट दाखवलं होतंत, आठवतंय?

आता आभार कशाचे, ते सांगते.

दिवाळीनंतरची द्वादशी होती, घरी तुळशीचं लग्न. मी आणि मामेभाऊ सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघालो. दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा अपेक्षेपेक्षा जोरात सुटला. तुम्ही सांगितलं होतंत तसं वेळेवर शीड आखूड केलं, पण त्यात उशीर झाला. मोबाइलवर लाट आली आणि नकाशा गेला. सूर्य टेकला, किनारा धूसर झाला. मालवणच्या बंदराच्या तोंडाशी खडक किती, हे तुम्हाला सांगायला नको. भाऊ म्हणाला, "समोर दिवे दिसतायत, सरळ घेऊया. आई वाट बघत असेल."

माझ्या कानात तुमचा आवाज आला, "पोरी, आत्ता कुठं हाईस तू?" दर पंधरा मिनिटांनी विचारायचात तसाच. मी होकायंत्र काढलं. किल्ल्याचा एक बुरूज अजून दिसत होता आणि किनाऱ्यावरचा एक मनोरा. हात थरथरत होते, म्हणून दोन्ही अंश दोनदा वाचले. कागदी नकाशावर रेघा मारल्या तर आम्ही समजत होतो त्याच्या जवळजवळ अर्धा मैल दक्षिणेला. सरळ घेतली असती तर खडकातच.

मग खोली मोजायला दोराला बांधलेला शिशाचा गोळा सोडला. चार वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट), तीन, पुढे अडीच. होडी वळवून पुन्हा खोल पाण्याकडे घेतली. गोळ्याच्या बुडाला साबण लावायला तुम्हीच शिकवलंत. तो वर घेतला तेव्हा त्याला बारीक वाळू चिकटलेली, म्हणजे खाली वाळू आणि नांगर धरणार. खोलीच्या पाचपट दोर सोडला आणि थांबलो. भरतीची वेळ काढायचा तिथीच्या पाऊणपटीचा हिशेबही केला: बारा तिथी, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती, पाणी अजून चढणार. नऊपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

पण तेवढं थांबावं लागलं नाही. निघताना मामाला सांगून ठेवलं होतं, "साडेसहापर्यंत आलो नाही तर शोधायला ये." हीसुद्धा तुमचीच सक्ती, आणि तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेण्याचीही. तो फोन करायची वेळ आली नाही. सातच्या आत मामाच्या मित्राची यांत्रिक होडी आली. आम्ही कंदील दाखवला आणि तिच्या मागोमाग खुणेच्या वाटेने आत शिरलो. तुळशीचं लग्न थोडं उशिरा लागलं एवढंच.

काका, त्या दिवशी मी धाडसाचं काहीच केलं नाही. मी थांबले. होडी चालवायला कुणीही शिकवतं, थांबायला मात्र तुम्ही शिकवलंत, तेही महिनोन्महिने, एक रुपया न घेता. गुडघे दुखत असताना कट्ट्यावर उभं राहून माझ्याकडून अंश वाचून घेतलेत. ह्याची परतफेड मला जमणारी नाही.

मामाने वाळवलेले बांगडे दिलेत, पेढ्यांसोबत तेही ठेवलेत. पुण्याहून आलात की निरोप द्या. मामेभाऊ पुढच्या महिन्यात नोकरीसाठी कोल्हापूरला येतोय, कट्ट्यावर येईन म्हणतो. त्याच्यासाठी एक कर्कटक आणून ठेवलाय.

तुमची,
रंकाळ्यावरची विद्यार्थिनी