हजार विजेतेपदे मान्य, पण मार्क किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टास्मानियाचे लाकूडतोड विजेते डेव्हिड फॉस्टर यांच्यावरचा आपल्या क्रीडा पुरवणीतला लेख वाचला. या खेळावर मराठीत एवढे सविस्तर छापून येते याचेच अप्रूप वाटले. हजारांवर विजेतेपदे, सलग 21 वर्षे जागतिक अजिंक्यपद, ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ पदक, हे सारे बरोबर आहे. मात्र ‘दीडशे किलोंहून भारी गडी, म्हणून जिंकत गेला’ असा लेखाचा सूर आहे, आणि सोबतच्या चौकटीतल्या वेळा कोणत्या मापाच्या ओंडक्याच्या, कोणत्या लाकडाच्या आणि किती मार्कवरच्या, म्हणजे किती सेकंद उशिरा सुटून केलेल्या, याचा पत्ताच नाही. एवढे वगळले की त्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

ऑस्ट्रेलियात शर्यती दोन तऱ्हेच्या असतात. अजिंक्यपदाच्या शर्यतीत सगळे एकदम सुरुवात करतात. हँडिकॅप शर्यतीत मात्र प्रत्येकाला त्याच्या आधीच्या कामगिरीवरून सेकंदांचा ‘मार्क’ मिळतो. पंच मोठ्याने एक, दोन, तीन असे मोजत जातो. तीनच्या मार्कवाला नवखा तीनला पहिला घाव घालतो आणि वीसच्या मार्कवाला वीस ऐकू येईपर्यंत कुऱ्हाड धरून उभा राहतो. समजा, वीसच्या मार्कवाल्याने 38 व्या सेकंदाला ओंडका पाडला, तर त्याचे खरे काम 18 सेकंदांचे. वर्तमानपत्रात छापले जातात ते 38, आणि वाचकाला वाटते, गडी मंदावला! जिंकले की मार्क वाढतो, म्हणून फॉस्टर यांच्यासारखा माणूस कायम सर्वांच्या मागून सुटणार. शेजारच्याची ओंडक्याच्या पुढच्या बाजूची खाच निम्मी होत आली तरी जागचे हलायचे नाही, कारण मोजणीआधी घाव घातला की शिक्षा ठरलेली. इथे नुसते वजन काय कामाचे?

ताकदीपेक्षा निकाल अधिक ठरतो तो कुऱ्हाडीच्या निवडीवर. शर्यतीच्या कुऱ्हाडीचे पाते साधारण तीन किलोंचे, दांडा बहुधा हिकरी लाकडाचा. न्यूझीलंडमधल्या मास्टरटन गावच्या ‘तुआताही’ कुऱ्हाडी जगभर चालतात. मुरलेला खेळाडू एकच कुऱ्हाड घेऊन मैदानात येत नाही. पेटीभर कुऱ्हाडी आणतो, आणि प्रत्येकीच्या धारेचा कोन वेगळा. पॉप्लर किंवा पाइनसारख्या मऊ लाकडाला पातळ धार, टास्मानियातल्या निलगिरीच्या जातींना जाड. पातळ धार कठीण, वाळलेल्या लाकडावर किंवा गाठीवर बसली की तिचा तुकडा उडतो आणि शर्यत तिथेच संपते. उलट जाड धार मऊ लाकडात खोल जात नाही, ढलपी सुटत नाही आणि पाच-सहा घाव जास्त पडतात. ओंडके चिठ्ठ्या टाकून वाटले जातात. आपल्या वाट्याला आलेल्या ओंडक्याची वलये किती दाट, गाठ कुठे, ओल किती, हे न्याहाळूनच पेटीतली कुऱ्हाड बाहेर निघते.

आता प्रत्यक्ष तोड. आडव्या ओंडक्यावर उभे राहून दोन पायांच्या मधोमध घाव घालायचे असतात. पाय ठेवायच्या सपाट खाचा खेळाडू आधी स्वतःच्या मापाने तासून घेतो. त्या तिरक्या झाल्या तर घावागणिक पाय सरकतो आणि खाचेची रेषा बिघडते. खाच अरुंद उघडली की ढलप्या तळाशी अडकतात, पाते रुतून बसते आणि ते उपसण्यात दम जातो. फार रुंद उघडली तर फुकटचे लाकूड काढत बसायचे. पुढची बाजू निम्म्याहून थोडी पलीकडे गेली की वळून मागची बाजू घ्यायची. हे वळणे एक घाव लवकर झाले तर मधे चिवट पट्टी उरते, आणि ती तोडताना शर्यती हरल्या जातात.

उंच खांबावरच्या तोडीत खांबाला खाच पाडून फळी अडकवत वर चढायचे असते. खाच आतल्या बाजूला उतरती हवी, म्हणजे फळीच्या टोकाचे पोलाद माणसाचे वजन आले की अधिकच घट्ट बसते. तिचा उतार बाहेरच्या बाजूला गेला तर फळी निसटते. एवढ्या देहाच्या माणसाने हे करावे याचे कौतुक लेखात हवे होते. वजन इथे अडचणीचेच.

फॉस्टर यांनी वडील जॉर्ज यांच्यासोबत 600 मिलिमीटरच्या ओंडक्यावर दोघांच्या करवतीचे जागतिक अजिंक्यपद सलग 11 वर्षे राखले, याला लेखात एकच ओळ आहे. या करवतीत साधारण चार कापणारे दात आणि मग भुसा ओढून काढणारा एक, अशी रचना असते. भुशाचा दात किंचित बुटका लागतो. उंच राहिला तर करवत अडखळते, फार बुटका झाला तर भुसा निघत नाही. आणि दोघांनीही फक्त ओढायचे, ढकलायचे नाही, कारण ढकलले की पाते वाकते. बापलेकांची लय तिथे कामी आली.

लेखात न्यूझीलंडच्या जेसन विनयार्ड यांच्याशी केलेली तुलनाही जपून करायला हवी होती. 2023 मध्ये निवर्तलेल्या विनयार्ड यांनी ‘टिंबरस्पोर्ट्स’ या लाकूडतोडीच्या स्पर्धामालिकेची वैयक्तिक जागतिक विजेतेपदे मिळवली. तिथे हँडिकॅप नाही. तीन कुऱ्हाडीचे, एक हातकरवतीचा आणि दोन यंत्रकरवतीचे असे सहा प्रकार असतात आणि गुणांची बेरीज होते. एका यंत्रकरवत प्रकारात 10 सेंटिमीटरच्या पट्ट्यात वरून खाली आणि खालून वर अशा दोन अखंड चकत्या कापायच्या. रेषा ओलांडली की बाद. दोघेही थोर, पण हिशेब वेगळे.

यापुढे या खेळाचे निकाल छापताना वेळेपुढे कंसात ओंडक्याचा व्यास, लाकडाची जात आणि मार्क द्यावा, ही विनंती. आणि छायाचित्राखालच्या ओळीत ‘पायाला बँडेज’ म्हटले आहे ते बँडेज नव्हे. घाव चुकला तर बोटे वाचावीत म्हणून घातलेले ते पोलादी जाळीचे मोजे आहेत.

आपला,
एक वाचक, लॉन्सेस्टन (टास्मानिया)