दम लागल्यावर काय करायचं, ते घरी सोडतानाच दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझे यजमान मार्चमध्ये गेले. फुफ्फुसाचा कर्करोग होता. पीएमटीत कंडक्टर म्हणून त्यांची उभी हयात गेली. मी घरी फॉल-पिकोची कामं करते.

आता इलाज नाही म्हणून रुग्णालयानं त्यांना घरी सोडलं, तेव्हा कार्डावर सात गोळ्या होत्या आणि ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं देणाऱ्याचा नंबर. रात्री दम लागला तर काय करायचं, असं विचारलं, तर म्हणाले, घेऊन या. धनकवडीतला आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही.

दुसऱ्याच रात्री दोन वाजता ते उठून बसले. छाती भात्यासारखी हलत होती. वारा लागेल म्हणून मी खिडक्या लावलेल्या, कानाला मफलर, आणि भोवती घरचे सगळे. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के दाखवत होता. मी म्हणाले, ‘‘अहो, ९५ आहे, काही झालेलं नाही.’’ त्यांनी बोटाचं ते यंत्र काढून उशीखाली सरकवलं आणि पुन्हा लावू दिलं नाही. तो आकडा चांगला असतानाही माणसाचा जीव गुदमरतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, एक सिस्टर घरी आल्या. आधी खिडकी उघडली, आम्हाला बाजूला केलं. माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर दोन उशा ठेवून यजमानांना खुर्चीत पुढे वाकून बसवलं, हात कोपरापर्यंत उशांवर, पाय जमिनीला टेकलेले. खांद्यांचा भार उतरला की छातीच्या स्नायूंना श्वासासाठी मोकळीक मिळते. मग पर्समधून सेलवरचा छोटा पंखा काढून चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरला. झोत गालांवर, नाकावर आणि वरच्या ओठावर. तिथल्या नसांना गार हवा लागली, की हवा कमी पडतेय ही मेंदूतली जाणीव कमी होते, असं त्या म्हणाल्या. छताच्या पंख्यानं असा नेमका झोत मिळत नाही. बशीतला गरम चहा फुंकतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवलं. घ्यायची घाई नको, सोडायला वेळ द्या, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. पाचेक मिनिटांत यजमान म्हणाले, ‘‘आता बोलता येतंय.’’

तुळशीबागेतून तसाच पंखा आणला. तो शेवटपर्यंत त्यांच्या हातात होता. दम लागला की दुसऱ्याला हाक मारावी लागत नाही, स्वतःच बटण दाबता येतं, याचा त्यांना केवढा आधार वाटायचा! पुढे न्हाणीघरात स्टूल ठेवलं, दात बसूनच घासायचे, उदबत्ती बंद, फोडणीच्या वेळी मधलं दार लोटायचं.

औषधं सोडा, असं मी म्हणत नाही. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं, ते लागलंच. अचानक वेगळाच दम लागला तर डॉक्टरांना कळवायलाच हवं. पण ऑक्सिजनच्या मशीनचं भाडं भरताना मला वाटायचं, याच्याशिवाय माणूस जगणारच नाही. माझा भाचा फिजिओथेरपी शिकतो. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या २३९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, तो त्यानं मला समजावला. ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेलेला नव्हता, त्यांच्यात नळीतून साधी हवा घेणाऱ्यांना आणि ऑक्सिजन घेणाऱ्यांना जवळजवळ सारखाच आराम पडला. ज्यांचा ऑक्सिजन खरंच कमी आहे, त्यांना तो हवाच, आणि ते डॉक्टरांनी ठरवावं. मशीन आपल्या मनानं कुणी बंद करू नये.

आपल्या पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची मोफत सेवा करतंय. तरी आमच्यासारख्यांपर्यंत ही दहा मिनिटांची शिकवण पंधरा रात्री उशिरा पोचली. त्या पंधरा रात्री त्यांना उगाच सोसाव्या लागल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी सर्व रुग्णालयांना विनंती आहे. अशा रुग्णाला घरी सोडताना सिस्टरनं किंवा फिजिओथेरपिस्टनं नातेवाइकांना बसवून हे करून दाखवावं आणि मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसह एक कागद द्यावा. बिल भरल्यावर, फाईल मिळाल्यावर आमच्या सह्या घेतातच. तशीच ‘दम लागल्यावर काय करायचं ते दाखवलं’ या ओळीपुढेही घ्यावी.

आपली नम्र,
एक वाचक, धनकवडी, पुणे