बंदूक उघडली आणि माग आठवला

डर्बी, रविवार

ती. बाबा,
सा. न. आईला वाचून दाखवा.

परवा फोनवर बंदुकीचं नाव काढलं आणि आई जी गप्प झाली, म्हटलं आता नीट लिहूनच टाकावं. आई, छऱ्याची बंदूक आहे गं ती, जत्रेत फुगे फोडायला असते तिची थोरली बहीण. इंग्लंडात 12 फूट-पाउंडच्या (हे छऱ्याच्या जोराचं माप) आतली असली तर अठराच्या वरच्या माणसाला लायसन लागत नाही, पोरांच्या हाती लागू द्यायची नाही एवढंच, मी कुलपात ठेवतो. स्कॉटलंडला मात्र 2016 च्या शेवटापासून सर्टिफिकेट लागतं, म्हणून ग्लासगोला मित्राकडे जाताना ती घरीच. खूळ कुठनं आलं म्हणाल तर 2024 ला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतलं तेव्हापासून, त्याची रायफल .22 ची, खऱ्या गोळीची, माझी हवेची, पण डोक्यात शिरलं ते शिरलंच.

तर सेकंडहँड वायराउख एचडब्ल्यू 77 मिळाली, जर्मन, .177 इंची छऱ्याची, 190 पाउंडाला. हिची नळी मधनं वाकवायची नाही, खालचा दांडा ओढला की आतला सिलिंडर मागं सरकतो, आणि छर्रा घालताना दुसऱ्या हातानं दांडा धरूनच ठेवायचा, सुटला तर बोटाचं काय होईल ते कापडाच्या मागावर जन्म घालवलेल्या माणसाला मी काय सांगू. विकणारा म्हणाला आत्ताच सर्व्हिसिंग केलंय, एकदम टॉप. क्लबात नेली तर पहिल्याच बाराला धूर, जळक्या तेलाचा वास आणि आवाज असा की शेजारच्या म्हातारबांनी मान वळवून बघितलं. छऱ्याचा वेग मोजायला क्रोनोग्राफ असतो, त्यावर एक बार सेकंदाला 690 फूट, पुढचा 810. आता 8.44 ग्रेन वजनाचा छर्रा 810 नं गेला म्हणजे झाले 12.3 फूट-पाउंड, म्हणजे कायद्यानं ती फायरआर्म आणि सर्टिफिकेट नसलेला मी गुन्हेगार! गपचूप पिशवीत घातली.

पुढच्या रविवारी किचन टेबलावर पेपर पसरून बसलो. स्प्रिंग दाबात असते म्हणून सुतारी क्लॅम्पमध्ये धरून मागचं बूच सावकाश सोडलं, स्क्रू काढले त्या क्रमानं ताटलीत मांडले, तुम्ही मांडायचा तसेच. आत बघतो तर सर्व्हिसिंग म्हणजे भरल्या वांग्यात मसाला दाबावा तसं ग्रीस. ते पिस्टनच्या, म्हणजे स्प्रिंगनं ढकललेल्या, हवा दाबणाऱ्या दट्ट्याच्या पुढं गेलं की दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं पेटतं, डिझेल इंजिनासारखं, वेग वाढत होता तो त्यानं. स्प्रिंग टेबलावर लोळवली तर लंगडत गेली, वाकलेली. सीलची कडा तुटलेली, स्प्रिंग सरळ धरणारा गाइड ढिला, म्हणून बारानंतर टणणण वाजायचं. नवी स्प्रिंग, सील आणि घट्ट बसणारा गाइड असे 45 पाउंड गेले. सगळं धुऊन पुसून मॉली ग्रीस लावलं ते पोळीला तूप लावतो त्याच्याहून कमी, पिस्टनच्या तोंडाला काहीच नाही.

आता नुसतं ठप्प वाजतं, बस्स. मागाचा आवाज बदलला की तुम्ही झोपेतनं उठून बसायचा त्याची तेव्हा गंमत वाटायची, आता मीच बंदुकीला कान लावून बसतो. वेग 762 ते 770, म्हणजे 11 च्या आसपास, धूर नाही की वास नाही.

एक मात्र उलटं शिकलो. जत्रेत तुम्ही सांगायचा घट्ट धर, पण ह्या स्प्रिंगवाल्या बंदुकीत छर्रा नळीतनं सुटायच्या आतच आतला पिस्टन धक्का देतो, घट्ट आवळली की दर वेळी वेगळीकडं उडते. हलक्या हातावर ठेवायची, तिला हलायचं तसं हलू द्यायचं. महिना गेला ते जमायला. काल 25 यार्डावर पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्यात बसले.

बाबा, हे पुढचं आईला वाचू नका. जुनी एचडब्ल्यू 35 एक बघून ठेवलीय, तिच्यात चामड्याचं वॉशर असतं आणि ते वाळून कडक झालंय. तुम्ही मागाचे पिकर, धोट्याला ठोकणारे चामडी तुकडे, तेलात बुडवून ठेवायचा ना, ते कुठल्या तेलात आणि किती दिवस, तेवढं आई देवळात गेली की फोन करून सांगा.

तुमचा,
बाळू