मुलाखतीचं काय झालं ते

सोलापूर, रविवार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत होतात, "मग ते काय म्हणाले?" दादा-वहिनी शेजारी असताना सांगवेना, म्हणून लिहिते.

नेमका पाण्याचा दिवस होता. पिंप, हंडे, बादल्या सगळं भरून अकराला लॅपटॉपसमोर बसले. शेजारच्या काकांनी माझ्यासाठी माग बंद ठेवले होते. भरदिवसा आपल्या बोळात एवढी शांतता म्हणजे मलाच चुकल्यासारखं झालं. साहेब वीस मिनिटं उशिरा आले. आले म्हणजे स्क्रीनवर त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर आलं. त्यांचा कॅमेरा शेवटपर्यंत बंद, मला मात्र "खिडकीकडे तोंड करा, नीट दिसत नाही."

एकच प्रश्न कामाचा विचारला. खरेदीचं बिल आपल्या हिशेबात आहे पण जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत, दिसत नाही, तर काय कराल? आई, हे तर मी सरांच्या ऑफिसात दर महिन्याला निस्तरते. टॉवेलवाले सुताचं बिल आणून देतात आणि सूतवाल्यानं रिटर्नच भरलेलं नसतं. त्यानं जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, ते बिल दाखवेपर्यंत आपल्याला क्रेडिट, म्हणजे त्या बिलावर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, म्हणून त्याच्या मागे लागावं लागतं, असं मी सांगत होते. मधेच "ओके, नेक्स्ट." पलीकडून सारखा टायपिंगचा आवाज. दुसऱ्याच कुणाशी तरी त्यांचं चाललेलं असणार. उत्तर चुकीचं म्हणाले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी ऐकलंच नाही.

शेवटी म्हणाले, आठवड्यातून तीन दिवस पुण्याच्या ऑफिसला यावं लागेल. जाहिरातीत घरून काम असं स्वच्छ लिहिलेलं! तसं म्हटलं तर म्हणतात, "वंदे भारत आहे की." म्हणजे पहाटे सहाच्या सुमाराला गाडीत बसायचं आणि रात्री साडेदहानंतर स्टेशनवर उतरायचं. तिकिटं कोण काढणार, ते विचारायच्या आत "कळवतो" म्हणून कॉल बंद. त्यानंतर मेल नाही, फोन नाही. बाबा, तुम्ही "फोन करून विचार" म्हणता, पण त्यांनी नंबरच दिलेला नाही.

आता लगेच "पुण्यालाच ये, दादाकडे राहा" म्हणू नका. त्या दोन खोल्यांत आधीच तुम्ही सगळे, त्यात बाळ. घरून करायचं काम मी शोधतेच आहे. तोवर सरांकडचं आहे, आणि जीएसटीचं मला खरंच आवडतं, वहिनी हसली तरी.

बाबा, एक काम करा. काकांकडचा विणकर नगावर मजुरी घेतो, मुलाखतीसाठी माग बंद होते त्या तासाचे त्याचे टॉवेल बुडाले. मी पैसे पुढे केले तर काकाच माझ्यावर रागावले. तुम्ही फोन करून त्यांना समजवा, तुमचं ते ऐकतात. पैसे मी बाजूला काढून ठेवलेत.

तुमची,
सुमी