पट्टीत उरलेल्या ८ गोळ्या

महोदय,

यकृतातल्या पित्तनलिकेच्या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर अनेकांना सहा महिने कॅपेसिटाबीन या केमोथेरपीच्या गोळ्या दिल्या जातात. सलाइन नाही, वॉर्ड नाही, म्हणून घरचे तिला ‘साधी केमो’ म्हणतात. चुका तिथूनच सुरू होतात.

हिशेब पाहा. ब्रिटनमध्ये ४४७ रुग्णांवर झालेल्या ‘बिलकॅप’ चाचणीत मात्रा होती शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. १४ दिवस गोळ्या, ७ दिवस सुट्टी, अशी ८ आवर्तने. (आपल्याकडे बरेच डॉक्टर यापेक्षा कमी मात्रेने सुरुवात करतात.) पृष्ठभाग १.६ चौरस मीटर असेल तर एका वेळी २००० मिलिग्रॅम, म्हणजे ५००च्या ४ गोळ्या. दिवसाला ८, चौदा दिवसांत ११२. पट्टी १० गोळ्यांची, म्हणून १२ पट्ट्या आणायच्या आणि उरतात ८. नेमका एका दिवसाचा डोस! ‘महागाची गोळी वाया कशाला?’ म्हणून पंधराव्या दिवशी ती पोटात जाते. तोंड, आतडी आणि रक्तपेशी सावरायला दिलेल्या सुट्टीतच विषबाधेची भर पडते.

दुसरी चूक उपवासाची. गोळी जेवणानंतर अर्ध्या तासात, पाण्याबरोबर घ्यायची. संकष्टीला सकाळची मात्रा चुकते आणि रात्री चंद्रोदयानंतर दुप्पट घेतली जाते. चुकलेली मात्रा सोडून द्यावी, भरून काढू नये. फॉलिक अ‍ॅसिड असलेले ‘ताकदीचे’ टॉनिक परस्पर घेतल्यास दुष्परिणाम वाढतात. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका, तेव्हा ते आधीच सांगावे.

दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जुलाब, त्यासाठी रात्री उठावे लागणे, तोंड येऊन जेवण बंद होणे, तळहात-तळपाय दुखून चालणे किंवा भांडे धरणे अवघड होणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करावा. थंडी वाजून ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असू शकतात किंवा पित्तमार्गात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. दोन्हीत रात्र महाग पडते. तळव्यांसाठी मात्र स्वस्त उपाय आहे: दिल्लीच्या एम्समधील चाचणीत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्के, तर औषध नसलेले साधे जेल लावणाऱ्यांपैकी १५ टक्के रुग्णांना हा त्रास मध्यम वा तीव्र झाला. डॉक्टरांना विचारूनच लावावे.

औषधाच्या खिडकीवर पट्ट्यांसोबत २१ चौकटींचा मराठी तक्ता द्यायला रुग्णालयांना एक कागद पुरतो. त्यातल्या शेवटच्या सात चौकटी कोऱ्या. उरलेल्या ८ गोळ्या पुढच्या आवर्तनाच्या हिशेबात धराव्यात, आणि रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय त्यातली पहिली फोडू नये.

– एक फार्मासिस्ट, पुणे