रोजची बादली झाडाच्या मुळांपर्यंत पोहोचत नाही

मा. संपादक,
स. न.

टंचाईच्या दिवसांत 'झाडाला रोज एक बादली पाणी घाला' असे आवाहन केले जाते. त्यामागची तळमळ खरी आहे, पण अशाने मोठी झाडे वाचत नाहीत. पाणी शोषणाऱ्या पांढऱ्या मुळ्या बुंध्याजवळ फारशा नसतात. त्या फांद्यांच्या घेराच्या कडेला आणि त्याही बाहेर, बहुतेक वरच्या 30 ते 60 सेंमी थरात असतात. बुंध्याशी ओतलेली बादली वरची चार बोटे माती भिजवते आणि पुढच्या उन्हात उडून जाते. खोड सतत ओले राहून बुंधा कुजण्याची भीती वेगळीच.

रोजची 15 लिटरची बादली म्हणजे 10 दिवसांत 150 लिटर. तेच पाणी एकदम द्या. फांद्यांचा पसारा 4 मीटर रुंद असलेल्या झाडाला फांद्यांच्या कडेखाली अर्धवर्तुळात साधारण 60 सेंमी रुंद उथळ आळे करा. ते सुमारे पावणेचार चौरस मीटर भरते. 150 लिटर म्हणजे दर चौरस मीटरला 40 लिटर. मध्यम जमीन एवढ्याने जवळपास 30 सेंमी भिजते. पुढच्या पाळीला उरलेली अर्धी बाजू. एका बाजूच्या मुळांना ओल मिळाली तरी झाड तग धरते. पाळी किती दिवसांनी, हे जमीन ठरवते: हलक्या जमिनीत लवकर, भारी जमिनीत उशिरा.

सुकून कडक झालेली माती पाणी पटकन घेत नाही, ते वाहून जाते. म्हणून आधी थोडे शिंपडून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, मग सावकाश सोडावे. ताशी 4 लिटरचे सहा ड्रीपर (ठिबकच्या तोट्या) सहा तासांत 144 लिटर देतात. दुसऱ्या दिवशी बोटाएवढी जाड सळई हाताने दाबून पाहा. ओल्या मातीत ती सहज उतरते, कोरड्याला अडते. जिथे अडली तिथवरच पाणी गेले आहे. काळ्या जमिनीला भेगा असतील तर आधी हलकी खुरपणी करून त्या बुजवा, नाहीतर पाणी थेट खाली निघून जाते.

आळ्यावर पालापाचोळ्याचे 8 ते 10 सेंमी आच्छादन हवेच; ते खोडापासून वीतभर दूर ठेवावे. आच्छादनाशिवाय पाणी देणे म्हणजे निम्मी मेहनत वाया घालवणे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याच्या ताणात नत्रयुक्त खत देऊ नये: नवी पालवी फुटते आणि पाण्याची गरज वाढते. फळे असतील तर विरळ करावीत.

नव्या रोपांचे गणित निराळे. त्यांची मुळे अजून मातीच्या गोळ्यातच असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी पाणी बुंध्याजवळच द्यावे. रोपापासून फूटभरावर बिनरंगाचे भाजलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाणी भरून झाकण ठेवले तर उत्तम; पाणी हळूहळू पाझरत राहते. रंगवलेले मडके पाझरत नाही. पाणी क्षारयुक्त असेल तर मडक्याची सूक्ष्म छिद्रेही बुजतात. दोन दिवसांत मडक्यातली पातळी हललीच नाही, तर ते काढून घासावे किंवा बदलावे.

आपला,
एक वाचक