अखेरच्या काळातील उपचारांचे नियोजन : ऑनलाइन मदतीमागे माणूस हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कर्करोग शरीरात पसरल्यानंतर तो पूर्ण बरा होणार नाही हे डॉक्टरांना ठाऊक असते, पुष्कळदा घरातल्या एखाद-दुसऱ्या व्यक्तीलाही ठाऊक असते, आणि तरीही ज्याला तो आजार आहे त्याच्याशी पुढच्या काळाबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही. आणखी एकदा केमोथेरपी घ्यायची का, व्हेंटिलेटर लावायचा का, शेवटचे दिवस रुग्णालयात काढायचे की घरी, हे प्रश्न मग रुग्ण ग्लानीत गेल्यावर आयसीयूच्या दाराबाहेर घाबरून उभ्या असलेल्या नातेवाइकांपुढे येतात. या निर्णयांचा विचार आधीच करता यावा यासाठी आता ऑनलाइन साधने तयार होत आहेत. त्यांचे स्वागत करतानाच त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी, याविषयी हे पत्र लिहीत आहे.

रुग्णाशी असे बोललो तर तो खचेल, ही भीती मायेपोटीच असते. परंतु ती कितपत खरी आहे हे तपासले गेले आहे. २००८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात प्रगत कर्करोगाचे ३३२ रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे आप्त यांची माहिती घेतली होती. ज्या रुग्णांशी डॉक्टर अखेरच्या काळाविषयी बोलले होते, त्यांच्यात नैराश्य किंवा काळजी अधिक आढळली नाही. शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटर आणि आयसीयूला सामोरे जाण्याची वेळ मात्र त्यांच्यापैकी कमी जणांवर आली. अशा तीव्र उपचारांतच ज्यांचा अंत झाला, त्यांच्या मागे राहिलेल्या आप्तांना नैराश्याचा धोका जास्त होता. न बोलल्याने काय होते, तेही कळले आहे. शरीरात पसरलेल्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या अमेरिकेतील रुग्णांच्या २०१२ च्या पाहणीत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८१ टक्के रुग्णांना त्या औषधांनी आजार बरा होण्याची शक्यता नाही, हे उमगलेलेच नव्हते. जो माणूस बरे होण्याच्या आशेने उपचारांचा त्रास सोसत आहे, त्याने अखेरच्या काळाचे नियोजन कशाच्या आधारावर करावे?

ऑनलाइन साधनांचा मोठा उपयोग मला इथे दिसतो. तपासणीच्या घाईच्या वेळात जे डोक्यात शिरत नाही, ते घरी निवांतपणे, थांबत थांबत, पुन्हा पुन्हा वाचता वा पाहता येते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉ. रिबेका सुडोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले ‘प्रिपेअर’ हे साधन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यात केवळ अमुक उपचार हवा की नको असे विचारून थांबलेले नाही. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, जगण्यात आपल्याला सर्वांत मोलाचे काय वाटते आणि प्रसंग बदलला तर त्या व्यक्तीला आपल्या शब्दापलीकडे जाण्याची कितपत मोकळीक असावी, हेही त्यात विचारलेले आहे. हा मोकळिकीचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. उद्या नेमके काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ‘बाबांनी लिहून ठेवले होते, पण...’ या विचाराने पुढे अनेक वर्षे पोळणारी मुले असतात. जवळच्या माणसाला मन ठाऊक असतेच, असे समजण्यातही अर्थ नाही. आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता आप्तांचा अंदाज सुमारे दोन-तृतीयांश वेळाच बरोबर निघाला होता.

तथापि पडद्यावरचा अर्ज भरला म्हणजे नियोजन झाले, हा समज घातक ठरेल. फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या १,२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात व्हिडिओद्वारे दिलेली उपशामक सेवा, म्हणजे वेदना व त्रास कमी करून रुग्णाला आधार देणारी सेवा, प्रत्यक्ष भेटींइतकीच गुणकारी ठरली. प्रवास न झेपणाऱ्या रुग्णांसाठी ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. मात्र पडद्यापलीकडे तिथे प्रशिक्षित माणूस होता, हे विसरता कामा नये. त्याच अभ्यासात व्हिडिओ भेटींमध्ये आप्तांचा सहभाग प्रत्यक्ष भेटींपेक्षा कमी होता, ही बाबही लक्षात घ्यावी लागेल, कारण वेळ येईल तेव्हा निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो. त्यांना वेगळे निमंत्रण देऊन, त्यांच्या सोयीची वेळ ठरवून या संभाषणात सामील करून घ्यायला हवे.

चांगले संभाषण झाले तरी तेवढ्याने रुग्णाचे दिवस सुसह्य होतात असेही नाही. युरोपातील सहा देशांत प्रगत कर्करोगाच्या १,११७ रुग्णांवर झालेल्या ‘ॲक्शन’ या अभ्यासात नियोजनाच्या संभाषणांमुळे जीवनमानात सुधारणा दिसली नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. मध्यरात्री धाप लागली किंवा वेदना असह्य झाल्या, तर इच्छा कागदावर लिहिलेली असून भागत नाही. मॉर्फिन आणि ते देणारे जाणते हात त्या वेळी मिळावे लागतात. उपशामक सेवेची गरज असलेल्या जगातील लोकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून कर्करोग विभागांना माझी विनंती अशी आहे की, रुग्णाच्या हाती लिंक देतानाच त्याच्याशी बोलणाऱ्या समुपदेशकाचे वा परिचारिकेचे नाव आणि पहिल्या संभाषणाची वेळही द्यावी, आणि हे शेवटच्या आठवड्यात न करता आजार पसरल्याचे निदान होताच करावे. त्याने लिहिलेले तारखेसह त्याच्या केसपेपरवर यावे आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांनाही दिसावे. आजार वाढला, उपचार बदलले किंवा रुग्णाचे मन बदलले, तर ते नव्याने लिहिण्याची मुभा त्याला असावी. आणि ‘आज मला यावर बोलायचे नाही’ असे उत्तर आले, तर तेही नोंदवून काही दिवसांनी त्याला पुन्हा हळुवारपणे विचारावे.

आपला नम्र,
एक वाचक